सुईदोऱ्याची बारावी तक्रार

जिन्याच्या वळणावर एक प्रोजेक्टर आणि एक कोट यांची टक्कर झाली. प्रोजेक्टरमागे बुटका, चष्मेवाला तरुण होता. कोटामागे ती.

“लागलं नाही ना?” त्याने विचारलं.

“कोटाला की मला?”

“...दोघांना.”

उत्तर तिला आवडलं. पण ती भांडायला आली होती. म्हणून तिने चेहरा पुन्हा कडक केला.

“ओपन सोर्सवाल्यांची सभा हीच का?”

“हीच. पहिल्यांदा येताय?”

“आणि शेवटचं. तो बाहीवाला कोण, तेवढं दाखवा. मापं घातली की कटिंगचे कागद छापून देणारा फुकटचा प्रोग्रॅम ज्याने लिहिलाय – तो. बाही दोन सेंटीमीटर आखूड येते म्हणून कळवलं, तर म्हणे माझ्याकडे बरोबर येते. आणि तक्रार बंद. कसला गाढव माणूस आहे हो?”

“स्वभावाने बरा आहे,” तो प्रोजेक्टर सावरत म्हणाला. “गाढवपणाबद्दल वाद नाही. मीच तो.”

शिंपीण गप्प झाली. दुकान सांभाळणारी तिची आत्या इथे असती, तर हा प्रसंग तिने कॅलेंडरवर लिहून ठेवला असता.

चार महिन्यांत तिने त्याला बारा तक्रारी धाडल्या होत्या, ‘सुईदोरा’ या टोपणनावाने. सख्खा भाऊ फोन उचलत नाही, पण हा तासाभरात उत्तर द्यायचा. हल्ली ती हातात कात्री धरून मोबाइलकडेच बघत बसायची आणि आत्या म्हणायची, “ठमे, कापड काप, बोट नको.” म्हणून तर बारावी तक्रार अशी तडकाफडकी बंद झालेली तिच्या जिव्हारी लागली होती.

“तुम्ही... सुईदोरा?” प्रोजेक्टर धोकादायक रीतीने कलला. “मला वाटलं होतं, उंच असाल.”

“चिडले की होते.”

सभेला सात माणसं आणि नऊ लॅपटॉप हजर होते. अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापक. त्यांना सगळे सर म्हणत. सरांनी घसा साफ केला, “आज आपला बाहीवाला एक निवेदन करणार आहे.”

पडद्यावर दोनच ओळी उमटल्या. ‘प्रकल्प बंद करत आहे. वापरकर्ते : एक.’

प्रोग्रॅम बंद म्हणजे तक्रारी बंद. तक्रारी बंद म्हणजे उत्तरं... ती उठली कधी, हे तिलाच कळलं नाही.

“तो एक म्हणजे मी,” ती म्हणाली. “बंद करायचं तर करा. आधी चूक कबूल करा. हात द्या.”

“इथे? सगळ्यांसमोर?”

“मापासाठी.”

गळ्यातला टेप तिने त्याच्या खांद्यापासून मनगटापर्यंत ताणला. “चोपन्न. प्रोग्रॅम तपासताना माप कुणाचं घालता?”

“माझंच. घरात दुसरं आहे कोण?”

उत्तराचा उत्तरार्ध तिने मनात वेगळा ठेवला. “बाहीचे कागद किती निघतात?”

“दोन. एकाखाली एक चिकटवायचे.”

“हा कोट माझ्या भावाचा. त्याची बाही चौसष्ट. कागद तीन.”

तो पुटपुटला, “म्हणजे सांधे दोन... चिकटवायला दोन सेंटीमीटरची पट्टी जाते, ती मी एकाच सांध्याला जादा धरलीय.”

“जगातले सगळे हात तुमच्याएवढे समजलात.”

“तुझ्या हाताबद्दल,” सर गंभीरपणे म्हणाले, “आजवर कुणी बोललं नव्हतं?”

माप घेऊन झालं होतं. मनगट सोडायचं तेवढं राहिलं होतं. शिवणकामात अशा बारीकसारीक गोष्टी राहून जातात.

बारा मिनिटांत त्याने दुरुस्ती केली. प्रिंटरमधून तिसरा कागद आला. तिने चिकटवला, टेप लावला – चौसष्ट. सगळ्यांनी उपग्रह सुटल्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

“निवेदनाचं काय?” सरांनी विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. “तुम्ही... लिहीत राहाल?”

“तुम्ही चुकत राहिलात तर.”

पडद्यावरच्या दोन्ही ओळी त्याने पुसून टाकल्या.

सभा पांगली. वायरी गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, “एक सांगायचं होतं. मार्चमध्ये तीन आठवडे तुमची एकही तक्रार आली नाही...”

“आत्याचं ऑपरेशन होतं.”

“तेव्हा कॉलर मी बिघडवली. मुद्दाम.”

“अर्धा मीटर कापड गेलं माझं त्यात.”

“माहीत आहे. तुम्ही लिहिलंत तसं. मला फार आनंद झाला. इतका, की स्वतःचीच भीती वाटली, म्हणून सगळं बंद करायला निघालो होतो.”

तिने रागवायचा प्रयत्न करून पाहिला, जमेना. “खिशाची तक्रार आठवते? नववी?” ती कोटाच्या बटणाशी चाळा करत म्हणाली. “खिसा बरोबरच होता.”

“हो. तासभर चूक शोधत बसलो होतो.”

“मग ‘दुरुस्त केलं’ असं का कळवलंत?”

“वाटलं... तुम्ही उत्तराची वाट बघत असाल.”

ती बघतच होती. कान गरम झाले, ते झाकायला तिने केस उगाच पुढे घेतले.

“दुकान कधी उघडतं?” त्याने विचारलं.

“दहाला. आत्या आली की.”

“मी साडेनऊला आलो तर?”

“बंद असेल.”

“चालेल. बाहेर उभा राहीन.”

“नका राहू.”

त्याचा चेहरा उतरायला लागला. पुरता उतरायच्या आत तिने सांगून टाकलं –

“किल्ली माझ्याकडे असते.”