नाकासमोरची मूठ

सभागृहाबाहेरच्या बोळात गर्रकन वळून तिने ठोसा फेकला आणि... मूठ थांबली ती थेट एका नाकासमोर!

"अगं बाई! लागलं?"

"अजून नाही," नाकाचा मालक केळं खात म्हणाला. पठ्ठ्याची पापणीसुद्धा लवली नव्हती! ताडमाड उंची, कपाळावर ओले केस... अरे देवा, हा तर दुसऱ्या कराटे क्लबचा लंबू! याचा काता बघायला मुली गॅलरीत खेटून उभ्या राहायच्या. ती नाही हं. म्हणजे, फक्त एकदाच.

"बोळाच्या मध्ये उभं राहून कुणी केळं खातं का?"

"बोळात कुणी लढाई करतं का? बाकी, लढतेस मात्र झक्कास! वीजच. फक्त वळलीस की नजर खाली पडते."

ती फणकारली, पण म्हणणं खरं होतं. तिला शिकवणाऱ्या मॅडमही हेच सांगायच्या. कात्यात एकटीनेच लढायचं, शत्रू नसतोच. पण बघणाऱ्याला तो दिसला पाहिजे. या नजरेपायीच गेल्या वर्षी संघातली जागा हुकली होती. आज अंतिम फेरी... आणि जागा एकच.

"मग बघू कुठे?" तिने हळूच विचारलं.

"इथे." त्याने स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. "मार पुन्हा. मी हलणार नाही."

ती वळली. पुन्हा वळली. दर वेळी समोर तेच तपकिरी डोळे — शांत, हसरे, तिच्यावर खिळलेले. हिच्याच छातीत धडधड!

मॅटवर पाऊल ठेवलं तेव्हा सभागृह चिडीचूप. ती वळली... आणि खरंच तिला दिसला, शत्रूच्या जागी तो उभा! केळ्यासकट! नजर तसूभर ढळली नाही. तिच्या आरोळीने खिडक्या थरथरल्या. पाचपैकी चार पंचांचे झेंडे तिच्या बाजूने!

"नजर कुठून आणलीस गं आज?" मॅडमनी गालगुच्चा घेतला.

ती पळालीच. काता जिथे सुरू होतो तिथेच परत येऊन संपवायचा, नियमच आहे! बोळात, त्याच फरशीवर, तो वाट बघत होता.

"कुणाला एवढं बदडत होतीस?"

"तुलाच."

"मग? पडलो का मी?"

"छे! तू कसला पडतोस..." ती एक पाऊल पुढे आली. "मीच पडले. तुझ्या प्रेमात."

तिने मूठ उचलली, अलगद उघडली आणि बोटाने त्याच्या नाकावर टिचकी मारली.

या वेळी मात्र पठ्ठ्याची पापणी लवली.