दाखवायच्या सुऱ्या

हॉटेलचा मुख्य आचारी, वस्ताद, भटारखान्यात पालथा पडला होता. कवटी मागून फुटलेली, केसांत रक्त गोठलेलं, आणि मानेत मुठीपर्यंत खुपसलेली सुरी. लाकडी मुठीवर नाव डागलं होतं : भट्टीवाला.

इन्स्पेक्टरबाई आत शिरल्या तेव्हा तो भट्टीवाला भिंतीशी गुडघ्यांवर होता आणि मालकाचा जावई त्याला लोखंडी झाऱ्यानं झोडपत होता. ओठ फाटला होता. एक दात फरशीवर पडला होता.

"झारा खाली ठेवा."

"खुनी आहे हो हा! सख्ख्या बहिणीचं कुंकू पुसलंय यानं."

"ठेवा म्हटलं ना? नाहीतर तोच तुमच्या घशात घालीन."

झारा खाली आला.

हॉटेल चालवायचा हा जावईच. सासरा नुसता नावाला मालक. गल्ल्यावर बसून मान डोलवायचा. जावयानं भटारखान्यातल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि एका दिवसात नोकरांचे 'स्वतंत्र ठेकेदार' करून टाकले. म्हणजे हात भाजला तर तुझं तू बघ, आजारी पडलास तर घरी मर, पण उशीर झाला की शिव्या खायला हजर. ठेकेदार म्हणे! वस्तादनं दावा ठोकला. आज सकाळी कामगार खात्याचे साहेब भटारखाना बघायला येणार होते, आणि सगळ्यांच्या वतीनं वस्ताद बोलणार होता.

ते तोंड बंद झालं होतं. आता त्याचा मेहुणा, हा भट्टीवाला, फासावर गेला की दाव्याचंही मढं उचलायचं.

"काल दाजींशी भांडलास?" बाईंनी भट्टीवाल्याला विचारलं.

"भांडलो. म्हटलं, दावा सोडा, असलेली चूल विझेल. ते म्हणाले, तू शेपूटघालू आहेस. पण म्हणून मारीन होय? ताईला काय तोंड दाखवू?"

"सुरी तुझी?"

त्यानं वाकून पाहिलं. "नाव माझं आहे. पण ही सुरी मी आजच बघतोय."

"ऐका!" जावई हसला. "अहो, इथं ज्याची सुरी त्यानं आणायची. ठेकेदार आहेत ना! वर्षानुवर्षं हीच वापरतो हा. रोज डोळ्यांनी बघतो मी."

"नक्की हीच?"

"हीच! लिहून देतो."

बाईंनी नजर फिरवली. भिंतीच्या पट्टीवर सुऱ्या लटकत होत्या. धार लावून लावून पाती झिजलेली, मुठींना चिंध्या गुंडाळलेल्या, नाव कुणाचंच नाही. शेजारी तेल पिऊन काळेकुळकुळीत झालेले तवे. सगळ्यात जाड तव्यावर मात्र गंजाचा तांबूस थर. मग त्या मुडद्यापाशी बसल्या. डोकं रक्तानं माखलेलं. मानेची जखम जवळजवळ कोरडी. मुठीलगत पात्याला बोट लावलं. चिकट लागलं.

"लोखंडी तव्याला साबण लावता रे तुम्ही?"

"छे हो! नुसता पुसायचा," भट्टीवाला म्हणाला. "साबणानं घासला की लगेच गंज धरतो. दाजी हात तोडतील." मग त्याला आठवलं, आणि तो हमसून रडायला लागला.

"माडीवरचं ऑफिस कुणाचं?"

"माझं," जावई म्हणाला. "का?"

"हवालदार, जाऊन या."

"असं कसं जाता? कागद आहे का झडतीचा?"

"खाली मुडदा पडलाय. गप उभे राहा."

हवालदारानं एक खोकं आणलं. आत कोऱ्या करकरीत सुऱ्या, प्रत्येकीच्या मुठीवर एकेकाचं नाव. एक खाच रिकामी. मालकही मागोमाग आला आणि दारातच थिजला.

"वस्तादला सुरीनं मारलंच नाही," बाई म्हणाल्या. "मेलेल्या माणसाच्या अंगातून रक्त उडत नाही. आधी तव्यानं डोकं फोडलं, सुरी मागाहून खुपसली. मारायला नाही, दाखवायला. मग तवा साबणानं धुतला. इथल्या कुणाच्या हातून हे झालं नसतं. भांड्याला कधी हात न लावणाऱ्याचं काम ते."

"म्हणून मी?" जावई ओरडला.

"साहेब यायच्या आत या सुऱ्या वाटायच्या होत्या ना? हत्यार ज्याचं त्याचं, म्हणून हे ठेकेदार, असं त्यांना दाखवायला! पण वाटायच्या आधीच वस्ताद आडवा आला. कालच्या भांडणाचा बोभाटा झालाच होता, म्हणून मेहुण्याच्या नावाची सुरी निवडलीत. आणि ही तो वर्षानुवर्षं वापरतो? पात्यावर अजून लेबलचा गोंद आहे, धारेला दगड लागलेला नाही. न वाटलेली सुरी तुमच्याखेरीज कुणाकडे होती?"

जावयानं खोक्यातली सुरी उपसली आणि बाईंवर झेप घेतली. त्यांनी झारा उचलून घातला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मालकापर्यंत गेला.

"थुंकला तो!" जावई फरशीवर लोळत किंचाळला. "सुरी हातात दिली तर माझ्या तोंडावर थुंकला! खोटं बोलणार नाही म्हणे! माझ्या जिवावर जगणारा माणूस!"

हवालदारानं त्याच्या पाठीत गुडघा रोवला आणि बेड्या घातल्या.

तेवढ्यात मागच्या दारात कामगार खात्याचे साहेब येऊन उभे राहिले. रक्त बघून चाचरले.

"इथले... इथले नोकर कुठं आहेत?"

"नोकर नाहीत साहेब," मालक सवयीनं पुटपुटला, "इथं सगळे ठेके..."

भट्टीवाला भिंतीला धरून उठला. तोंडातलं रक्त त्यानं बाहीला पुसलं.

"एक हा पडलाय, साहेब," तो म्हणाला. "दुसरा मी. लिहून घ्या."