दोन काचांच्या मधला हात

"सुतळी वढायला तिलाच बसवा. ती नवी हाय, तिला काय म्हाईत न्हाई."

सासूबाई हे बोलल्या ते मी ऐकावं म्हणून नव्हे. मी मोरीत भांडी घासत होते, आणि आमच्या मोरीची भिंत पत्र्याची आहे. पत्र्याच्या पोटात काही राहत नाही. मी हात थांबवला नाही. भांड्यांचा आवाज थांबला की बोलणाऱ्याला संशय येतो, एवढं शहाणपण लग्नानंतर आपोआप येतं.

खरं सांगायचं तर घाबरायलाही अंगात त्राण नव्हतं. लग्न, गोंधळ, देवदर्शनं, पाहुण्यांच्या पंगती... अंगाची हळद उतरली तरी थकवा उतरला नव्हता. नव्या नवरीला जो येतो तो विचारतो, करमतं का? झोप झाली का, हे कुणी विचारत नाही.

काष्टीत, दौंडकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाड्यांच्या काचांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. पाथर्डीकडच्या माझ्या माहेरी काच म्हणजे बांगडी नाहीतर आरसा. इथं आल्यावर मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी (बाकी सगळे त्यांना आप्पा म्हणतात), पहिल्याच आठवड्यात सगळं समजावलं होतं. त्यांना बोलायला दुसरा विषय नसतो. "बाजूची काच फुटली की तिची खडीसाखर हुती, माणूस कापत न्हाई. पुढची काच येगळी. ती एक नसती, दोन आसत्यात. मधी पिलॅष्टिकचा पापुद्रा. फुटली तरी जागा सोडत न्हाई. माणसाला आत धरून ठिवती."

धरून ठेवते, हा शब्द तेव्हा मला चांगला वाटला होता.

त्या दिवशी दुपार कलल्यावर दारात एक जुनी जीप येऊन थांबली. पुढची काच जाळं पडून पांढरी झालेली. ड्रायव्हर सहादेव खाली उतरला तो तोंड पुसतच. "आप्पा, उसाच्या टॅक्टरनं खडा उडवला बगा. अंदार पडायच्या आत श्रीगोंद्याला तळावर पोचायचं हाय. ऊसतोडीची टोळी म्होरं गेली, आमीच मागं ऱ्हायलो."

मागून त्याची बायको सविता उतरली, कडेवर चार-पाच वर्षांची पोर. तिचं बोलणं ऐकून मी विचारलं, कुठल्या तुम्ही? तिनं गाव सांगितलं. माझ्या आजोळापासून हाकेवर. "म्हंजी तू आमच्याकडचीच की गं," ती म्हणाली आणि हसली. तिच्याही डोळ्यांत झोप साठलेली होती. मला ती बहिणीसारखी वाटली ती बहुतेक त्यामुळेच.

"ह्या मापाची काच आता मिळत न्हाई," मामा म्हणाले. मग जरा वेळानं, खाली बघत, "एक हाय."

ती एक मला माहीत होती. दुकानात बाकी सगळ्या काचा उघड्या उभ्या असायच्या. ती तेवढी मागच्या कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे, वर बारदान. मी एकदा झाडताना बारदान उचललं तेव्हा सासूबाई ओरडल्या होत्या, "तिथलं ऱ्हाऊ दे!" नव्या सुनेला न झाडण्याची परवानगी मिळणं हीच मोठी भुताटकी, असं मी मनात म्हटलं होतं.

तर मोरीतलं ते बोलणं यानंतरचं. थोड्याच वेळात नवऱ्यानं, वाल्मिकनं, दारातून हाक मारली. "पंकजा, जरा येतेस का? गडी गेला सोडून. सुतळी ओढायला कुणीतरी पाहिजे." तो माझ्याकडे बघत नव्हता.

काम सोपं असतं. काचेच्या कडेनं रबराची पट्टी चढवतात. पट्टीच्या खाचेत सुतळी फिरवून तिची टोकं गाडीच्या आत सोडतात. मग एकानं आत बसून सुतळी हळूहळू ओढायची. जसजशी ती सुटते तसतसं रबर पत्र्यावर चढतं. दुसऱ्यानं बाहेरून, सुतळी जिथं असेल तिथंच, तळहातानं काच थापटत राहायचं. दोघांचं एकमेकांकडे लक्ष नसेल तर काच बसत नाही. नवरा-बायकोनं करावं असंच काम, असं मला आधी वाटायचं.

मी पुढच्या सीटवर बसले. वाल्मिकनं काच चौकटीला टेकवली आणि ती सरकावी म्हणून तिच्यावर साबणाचं पाणी ओतलं. समोरचं सगळं पांढरं झालं. ऊन थेट समोरून येत होतं, त्यामुळे फेस आतून पेटल्यासारखा दिसायचा. गाडीत रबराचा, घामाचा आणि साखर कारखान्याच्या मळीचा वास कोंडला होता. बाहेरचा आवाज एकदम लांब गेला.

मी सुतळी ओढायला घेतली.

थप. थप. थप.

मी खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली, हात तिथंच आला. मी थांबले की तो थांबायचा. मी अडखळले की तोही वाट बघायचा. डावी बाजू झाली, वरची झाली. वाल्मिक एवढ्या समजुतीनं काम करतो हे मला नवीन होतं. घरात त्याला मीठ कुठं आहे तेही दिसत नाही. थप... थप... मला बरं वाटायला लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या चालीनं चाललं होतं.

अर्ध्याहून जास्त सुतळी सुटल्यावर माझ्या लक्षात आलं. ऊन समोरून येतंय. बाहेर माणूस उभा असेल तर फेसावर त्याची सावली पडायला हवी. हाताची तरी.

फेस कोरा होता. आवाज माझ्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर येत होता.

थप.

मी ओढणं थांबवलं नाही. का, ते मला सांगता येत नाही. थांबले तर तो माझी वाट बघत बसेल, आणि ते मला जास्त भयंकर वाटलं. सुतळीचं शेवटचं टोक हातात आलं. काच नीट बसली. आवाज थांबला.

तेवढ्यात बाजूनं वाल्मिक आला, हातात रबरी हातोडा. "हा सापडत नव्हता मागं... चल, ओढ आता."

मी रिकामी सुतळी वर करून दाखवली. त्यानं एवढंच विचारलं, "...तू थापटलंस का आतून?"

"नाही."

पुढं येऊन त्यानं फेस पुसला. काच लख्ख झाली. फक्त पुढच्या सीटसमोर, खालच्या अंगाला, एक धुरकट ठसा होता. तळहात आणि पाच बोटं. मी आतून पदरानं पुसला, गेला नाही. त्यानं बाहेरून पुसला, गेला नाही. आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी एकाच जागी घासत होतो आणि ठसा आमच्या दोघांच्या मध्ये होता. दोन काचांच्या मधल्या पापुद्र्यात, जिथं कुणाचाच हात पोचत नाही.

मी खाली उतरले तशा सासूबाई जवळ आल्या. डोळे बारीक करून बघितलं, आणि त्यांचा हात तोंडावर गेला.

"आगं बया... मागल्या बारीला मोठा हुता. आंगठ्याचं टोक नसल्याला."

"आई, गप," वाल्मिक म्हणाला.

"गप काय? मला वाटलं वढणाऱ्यालाच ताप येतो, तेवढंच. पर ह्यो..."

म्हणजे तापासाठी माझी निवड झाली होती. राग यायला हवा होता, पण त्याला अजून जागा नव्हती. मी वाल्मिककडे बघितलं. मग तो हळू आवाजात बोलला. ही काच दोनदा दुकानातून गेली आणि दोनदा परत आली. दोन्ही वेळा गाडीचा चेंदा झाला, काचेला ओरखडा नाही. दोन्ही वेळा पुढं बसलेलं माणूस गेलं. मागच्या खेपेला तो ड्रायव्हरचा मेहुणा होता, चरकात अंगठ्याचं टोक गेलेला. "ठसा आधी दिसला होता... आम्हाला वाटलं, डाग असेल. आप्पांनी भंगारातून परत आणली. धड काच टाकवत नाही त्यांना."

"मधी धूळ आडकली आसंल," मामा म्हणाले. आवाजात जोर नव्हता, नुसता कंटाळा होता. खूप वर्षं एकच गोष्ट स्वतःला सांगून येतो तसा. "काच हाय ती. जाऊ द्या त्यास्नी, अंदार पडंल."

सहादेवला किंवा सविताला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. तो मागचं सामान आवळत होता, ती पोरीला घेऊन त्याच्याजवळ. "झालं का आप्पा? लई उपकार झालं बगा." सविता पुढच्या सीटवर चढलीसुद्धा. पोर मांडीवर. पोर लगेच पुढं सरकली, काचेकडे बघितलं, आणि खुदकन हसली.

"आयं, ह्यो बग. माजा हात."

तिनं तळवा काचेवर ठेवला. बोटाला बोट लागलं. करंगळी जरा वाकडी होती, ठशाचीही वाकडी होती. कुठं काडीइतकी फट उरली नाही.

सविता कौतुकानं म्हणाली, "व्हय की गं आरती, तुझ्याच मापाचा!"

सहादेवनं चावी फिरवली. मी मामांकडे बघितलं, ते रस्त्याकडे बघत होते. वाल्मिक जमिनीकडे. सासूबाई पदराचं टोक चावत होत्या. तिघांनाही माहीत होतं आणि तिघंही दुसऱ्या कुणीतरी बोलावं म्हणून थांबले होते. या घरात आल्यापासून मी मोठ्यांसमोर हं आणि बरं, याच्यापुढे काही बोलले नव्हते.

मी जीपच्या पुढे जाऊन उभी राहिले. सहादेवनं हॉर्न वाजवला, मग इंजिन बंद केलं. "काय झालं, वहिनी?"

मी सविताच्या बाजूचं दार उघडलं आणि पोरीला तिच्या मांडीवरून उचलून माझ्या कडेवर घेतलं. पोर रडली नाही. तिचे दोन्ही हात माझ्या गळ्यात होते, घट्ट.

आणि इंजिन बंद असलेल्या गाडीत, सगळ्यांसमोर, भर उजेडात, काचेवर आवाज आला.

थप. थप.

मी हातातली सुतळी मनगटाला गुंडाळली. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, पण स्पष्ट होता.

"मामा, ही गाडी या काचेनिशी इथून जाणार नाही. बसवली मी, काढणार पण मीच, आणि आज ती फुटल्याशिवाय मी घरात यायची नाही. तुम्ही तिघं समोर उभे राहा, आणि थाप पडली तर ती तुमची नाही हे कळायला तुमचे सगळे हात मला दिसतील असे वर धरा."