दारातला थांबा

त्या पत्राला नवाबने उत्तर दिलं नव्हतं. पत्र कसलं, अर्जच तो; पण हसीनाच्या अक्षरातला, म्हणून तीन आठवडे वाचनालयाच्या पुस्तकात जपून ठेवलेला.

चिखलीला बस सुरू झाली ती शहात्तर साली. नवाब तिचा कंडक्टर. शेवटचा थांबा नेमका चांदभाईंच्या दारात, आणि गाडी मागे घेऊन वळवायचीही तिथेच. पहिल्याच दिवशी धुराच्या लोटातून चांदभाईंची मुलगी खोकत बाहेर आली, हातात ओला दुपट्टा.

"मास्तर, हा सकाळी पांढरा होता. आता कोणता रंग म्हणायचा, तुम्हीच सांगा."

नवाब शिट्टी तोंडात धरून तसाच उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्याला तिथे तहान लागू लागली. तांब्या हसीनाच आणी. सोनबा ड्रायव्हर म्हणे, "नावाचाच नवाब. पानी पितो तांब्याभर, बोलतो चमचाभर."

घराचे मात्र हाल होत चालले होते. ओट्यावर उतारूंची गर्दी, भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या, कौलं सारखी थरथरणारी. चांदभाई वैतागून, घर विकून बार्शीला भावाकडे जायचं म्हणू लागले. पिंपरीच्या कंपनीतला एक फोरमन घर बघायला आला. तो चहा घेत असतानाच गाडी मागे आली, कप बशीत खडखडला आणि त्याने तिथल्या तिथे भाव पाडला. म्हणाला, थांबा गावात असावा, दारात नसावा.

तेव्हा हसीनाने अर्ज लिहिला: थांबा पन्नास पावलं पुढे, चावडीसमोरच्या मोकळ्या जागेत न्यावा. अशा अर्जावर आधी कंडक्टरचा शेरा लागे, मग तो डेपोत जाई. तिने तो नवाबच्या हाती दिला आणि हळूच म्हणाली, उत्तर पोस्टाने पाठवा. हातात दिलंत तर आधी गाव वाचेल.

नवाबने आपला हिशेब मांडला. थांबा हलला की घराला भाव येणार, भाव आला की घर विकलं जाणार... आणि हसीना बार्शीला. त्याने ना शेरा लिहिला, ना उत्तर.

एका शनिवारी तांब्या देताना ती म्हणाली, येत्या जुम्म्याला फोरमन बयाणा घेऊन येतोय. पडत्या भावात.

"थांबा हलला असता तर... भाव चांगला आला असता," तो पुटपुटला.

"थांबा हलला असता तर विकलं कुणी असतं? ह्या भिंती अब्बांनी स्वतः रचल्यात, मास्तर. त्यांना घर नको झालेलं नाही, कटकट नको झालीय."

नवाबने तोंडाचा तांब्या खाली घेतला. "अर्ज माझ्यापाशीच आहे."

"का?"

"तुम्ही जाल म्हणून..."

 तांब्या परत घेत ती म्हणाली, "आणि आता जातेय, ती कुणामुळे?"

शेरा त्याने तिथेच, पिशवीतल्या पुस्तकातून अर्ज काढून, बॉनेटवर ठेवून लिहिला. सुट्टीच्या दिवशी डेपोत जाऊन साहेबांसमोर, आयुष्यात पहिल्यांदाच, सलग पाच मिनिटं बोलला. साहेब आले, चावडीसमोर पावलं मोजली, आणि गुरुवारी पाटी हलली.

जुम्म्याला फोरमन आला तो पहिलाच भाव पुन्हा देतो म्हणत. चांदभाईंनी त्याला चहा पाजला. गाडी पलीकडे वळली. कप बशीत शांत होता. "घर विकायचं न्हाई, भाऊ," चांदभाई म्हणाले.

चावडीजवळ नळ होता. सोनबाने तो नवाबला मुद्दाम दाखवला. "घ्या नवाबसाहेब. आता कुनाच्या दारात जायला नको."

नवाबने नळाकडे पाहिलं, पन्नास पावलांवरच्या दाराकडे पाहिलं. तिथे तांब्या घेऊन कुणीतरी उभं होतं... मग वळून आत गेलं.

आठवडाभर त्याने कागद फाडले. अखेर अंतर्देशीय पत्रावर लिहिलं: 'आपल्या अर्जाप्रमाणे थांबा हलवला आहे. उत्तराला उशीर झाला, माफी असावी. पाणी मागायला येण्याचं निमित्त आता उरलं नाही. म्हणून येत्या जुम्म्याला अम्मीला घेऊन, काहीही न मागता येईन म्हणतो. नाही... एक मागणं आहे. ते अम्मी बोलेल.'

टपालपेटी चावडीच्या भिंतीलाच होती. पन्नास पावलांवरच्या घरासाठीचं पत्र आधी पिंपरीला जाणार, मग परत येणार. आणि टपालाची थैली नेणार होती त्याचीच गाडी. सोनबाने दोनदा हॉर्न दिला. नवाबने डोळे मिटले आणि पत्र पेटीत सोडलं.