आठवी ओळ

मुलुंड पूर्वेला, नवघर रोडवरच्या तिसऱ्या मजल्यावर मृणालिनी प्रधान पियानो शिकवायची. दिवाळीची सुट्टी संपली की तिच्याकडच्या प्रत्येक पोराने स्वतःची एक चाल करायची, आठ ओळींची. पोराने वाजवायचं आणि टीचरने पेन्सिलीने वहीत उतरवायचं. एखादा सूर कानाला टोचला तरी तो बदलायचा नाही. टीचरचा हात लागला की चाल टीचरची होते, असं ती पालकांनाही बजावून सांगे. यूट्यूबवरून ढापलेली चाल मात्र ती पहिल्या दोन ओळींत ओळखायची, आणि मग त्या पोराची धडगत नसे.

हा नियम तिने एकदाच मोडला, तोही पोटच्या पोरीशी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. स्वरदा तेव्हा अकरा वर्षांची होती. तिच्या चालीच्या पाच ओळी झाल्या, आणि सहावीत तिने असा एक सूर लावला की मृणालिनीला तो खटकला. तिने ती ओळ खोडली आणि आपली लिहिली. स्वरदाने पियानोचं झाकण लावलं. ‘‘मग तूच कर ना पूर्ण,’’ एवढंच म्हणाली. चार दिवसांनी तिला ताप भरला. हॉस्पिटलमधून ती परत आलीच नाही.

त्याला दोन वर्षं झाली होती. मृणालिनीने आपली ओळ केव्हाच पुसून टाकली होती, पण पोरीची काय होती ते काही केल्या आठवेना. तो कागद तिने कुणाला दाखवला नाही, त्यावरचं कुणासमोर वाजवलंही नाही. राहिलेल्या तीन ओळी पोरीने कशा केल्या असत्या, तेवढ्या एकदा ऐकायला मिळाव्यात, याखेरीज तिला काही नको होतं.

यंदा जान्हवीने चाल आणली ती शाळेच्या घंटेसारखी साधीसुधी होती. सहाव्या ओळीला मात्र तिचा हात अडखळला, एका काळ्या पट्टीवर गेला, आणि तो सूर वाजला. तोच. मृणालिनीच्या हातातली पेन्सिल थांबली.

‘‘हे कुठून आलं गं?’’

‘‘काय माहीत टीचर. बोटंच गेली तिकडे.’’

जान्हवी गेल्यावर तिने ती ओळ स्वरदाच्या कागदावर, पाच ओळींखाली उतरवली. चपखल बसली. मृणालिनी पोटभर रडली, आणि खरं सांगायचं तर दोन वर्षांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

आठवड्याने जान्हवीच्या आईचा फोन आला. ‘‘टीचर, ती आता नाही येणार. पियानोतून सूरच येत नाही म्हणते, नुसतं लाकूड आपटल्यासारखं वाटतं. मोबाइलवर गाणं लावलं तर तेही तसंच. कान दाखवले ना आम्ही. काही नाही म्हणाले डॉक्टर.’’

दुसऱ्या दिवशी मुकुल आला. त्याच्या सहा ओळी अशातशाच होत्या. सातवीच्या आधी त्याचा हात अडखळला. मृणालिनीला त्याला थांबवता आलं असतं. तिने थांबवलं नाही. ती पुढे वाकून ऐकत राहिली, आणि सातवी ओळ तिने लिहून घेतली.

आठवी वाजवता वाजवता मुकुलने मान वर केली. ‘‘टीचर, पियानो बिघडला का?’’

मुकुल नऊ वर्षांचा होता.

शनिवारी दुपारी रुचिरा आली. वर्गातली सगळ्यात लहान. स्टुलावर बसली तरी तिचे पाय जमिनीला टेकत नसत.

‘‘टीचर, माझी फक्त शेवटची ओळ झालीय. आधीच्या सात येतच नाहीत.’’

तिने हात उचलले. मृणालिनीने तिची दोन्ही मनगटं धरली.

‘‘नको.’’

‘‘ऐका ना. मस्त आहे.’’

‘‘मला नकोय ती. तू घरी जा, बाळा.’’

पोर रडत गेली. मृणालिनीने दार लावलं, स्वरदाचा कागद काढला आणि पियानोपुढे बसली.

‘‘माझं घे,’’ ती म्हणाली.

पहिल्या ओळीपासून तिने वाजवायला सुरुवात केली. पाच स्वरदाच्या. सहावी. सातवी. प्रत्येक सूर स्वच्छ ऐकू आला.

आठवीला बोटं आपोआप निघाली.

टक. टक. टक. टक.

तिने पट्ट्या पुन्हा दाबून पाहिल्या. लाकूड वाजलं.

थोड्या वेळाने कुणीतरी दार ठोठावलं. शेजारी नुकतीच राहायला आलेली नीला होती, हातात वाळलेल्या कपड्यांची चळत.

‘‘काय वाजवलंस गं आज. शेवटाला तर माझे डोळेच भरले.’’ मग ती आत डोकावली. ‘‘आणि ती पोर कोण होती? ‘आई, आवडलं का?’ म्हणून दोनदा विचारलं बिचारीनं. तू काहीच बोलली नाहीस.’’