जे घडत आहे तेवढेच

ज्या क्षणी एका तरुणाचा पाय तिच्या पायाला अडखळला, त्या क्षणी ती अठ्ठावीस नंबरच्या शिलाई मशीनखाली उताणी पडलेली होती. तिच्या दातांत एक स्क्रू होता, कपाळावर तेलाचा डाग होता, आणि मनामध्ये सकाळपासून साठत आलेला संताप होता.

"अहो, तुम्ही काय करताय इथे?" तो कसाबसा तोल सावरत म्हणाला.

तिने स्क्रू तळहातावर काढला. "डोळे घरी ठेवून आलात का? पट्टा बसवतेय."

"कॅन्टीन कुठंय, एवढंच विचारायचं होतं…"

"मग तेवढंच विचारायचं. पाय कशाला द्यायचा?"

तो ओशाळला. तिचा बारीक स्क्रू ड्रायव्हर घरंगळत त्याच्या बुटापाशी गेला होता. तो त्याने उचलला, आणि मूठ तिच्याकडे व टोक स्वतःकडे करून विनयपूर्वक पुढे धरला. हत्यार असे द्यावे हे त्या कारखान्यातील निम्म्या लोकांना तिच्या सात वर्षांच्या नोकरीत समजले नव्हते! तिने ते घेतले, आणि रागाने का होईना, एकदा त्याच्याकडे पाहिले.

"डावीकडे वळा. वास येईल तिकडे जा," ती म्हणाली.

कपड्यांच्या त्या कारखान्यात तिला सर्व जण मिस्त्रीण म्हणत. दोनशे मशिनींपैकी कोणती कधी कुरकुरते, हे ती केवळ आवाजावरून सांगत असे. मुख्य मिस्त्री निवृत्त झाला, तेव्हा ती जागा न्यायाने तिचीच होती. परंतु फर्मान निघाले की, नव्या मशिनींचे इंजिनिअर दूरदेशी बसतात, त्यांना बिघाड घडत असतानाच फोनवरून इंग्रजीत सांगता आला पाहिजे; म्हणून तिने इंग्रजीची तोंडी परीक्षा पास केली, तरच जागा तिला मिळेल. हे फर्मानसुद्धा तिने मान्य केले असते. पण परीक्षेला महिना बाकी असताना त्या खुर्चीवर "तात्पुरता" म्हणून मॅनेजरसाहेबांचा मेव्हणा आधीच बसला होता. तो इंग्रजी पाण्यासारखे बोलत असे आणि सुईत दोरा उलट्या बाजूने ओवत असे. हे पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात जात असे. कुणाची जाणार नाही?

त्याच संध्याकाळी कॅन्टीनमध्ये इंग्रजीचा वर्ग भरला. फळ्यापुढे खडू घेऊन उभा असलेला मास्तर म्हणजे दुपारचा तोच तरुण!

"पाय सांभाळा गं सगळ्या," ती मोठ्याने म्हणाली.

शेजारी तिची वहिनी बसली होती. ती कॉलर शिवण्याच्या ओळीत काम करत असे, आणि नणंदेला कोपरखळी मारण्याची एकही संधी दवडत नसे. "तू बरी ओळखतेस गं मास्तरांना!" ती कुजबुजली.

मास्तरांनी चालू वर्तमानकाळ शिकवण्यास प्रारंभ केला. आत्ता, या घडीला, जे घडत आहे ते सांगण्याचा हा काळ. प्रथम कर्ता, त्याला शोभेल असे ॲम, इज किंवा आर, मग क्रियापद, आणि त्याच्या शेपटाला आयएनजी. "यातलं काहीही गाळलंत, तर वाक्य उभं राहत नाही."

"म्हणजे वरचा दोरा, खालचा दोरा आणि सुई," मिस्त्रीण म्हणाली. "एक नसलं तरी टाका पडत नाही."

मास्तरांनी खडू खाली ठेवला. "इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. तिचे कान का बरे तापले, हे तिला कळले नाही.

मग त्यांनी रिकामी मूठ ओठांपाशी नेली. "आय ॲम ड्रिंकिंग टी. म्हणा, मिस्त्रीणबाई."

"चहा कुठंय?"

"समजायचं की आहे."

"का समजायचं? मी तर नुसती बसलेय."

"अगं, म्हण की!" वहिनी म्हणाली. "हे बघ. आय ॲम ईटिंग ॲन ॲपल! झालं. सफरचंद कुणी मागतंय का?"

सारा वर्ग हसला. मिस्त्रीण उठून उभी राहिली. "मास्तर, आमचा तो मागचा मुख्य मिस्त्री होता ना… तोसुद्धा असंच बोलायचा. वहिनीची मशीन अडकली, तिनं ओरडून विचारलं, मोटार बंद करताय ना? तो चहाचा कप न सोडता म्हणाला, करतोय, करतोय! तिनं सुईखाली हात घातला, आणि मोटार चालूच. वहिनी, दाखव अंगठा."

वहिनीने हसणे थांबवून अंगठा वर केला. नखाच्या मधोमध सुईची जुनी खूण होती.

"आत्ता काय चाललंय, एवढं तरी माणसानं खरं बोलावं," मिस्त्रीण म्हणाली. "मी नाही म्हणणार."

फळा पुसून मास्तर निघून गेले. आपण त्यांना दुखावले अशी तिची समजूत झाली, आणि त्या समजुतीचाही तिला रागच आला.

पुढच्या वर्गाला मास्तर आले ते एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात दोन कप घेऊन. एक कप त्यांनी तिच्यापुढे ठेवला. वाफ निघत होती.

"प्या," ते म्हणाले. "आणि मग म्हणा."

तिने घोट घेतला. "आय ॲम ड्रिंकिंग टी." नंतर क्षणभर थांबून, "साखर कमी आहे."

"तेही खरं आहे!" मास्तर हसले.

त्या दिवसापासून तो वर्ग काही निराळाच झाला. पिशवीतून कधी छत्री निघे, कधी संत्रे, कधी बाहीचे बटण तुटलेला त्यांचाच सदरा. तो सदरा मास्तरांनी सर्वांसमोर शिवायला घेतला.

"यू आर सोइंग," ती म्हणाली. "आणि वाईट सोइंग. इकडे द्या."

"नको. तुम्ही शिवलंत, तर वाक्य बदलावं लागेल."

"मग बदला की! घाबरता का वाक्याला?"

तिने बटण लावले. शेवटचा दोरा दाताने तोडताना तिने नजर उचलली, तर मास्तर फळ्याकडे पाहत नव्हते… वहिनीने भिंतीकडे तोंड करून, कुणाचेही नाव न घेता म्हटले, "समबडी इज लुकिंग!"

परंतु परीक्षेला आठवडा उरला असताना मास्तर गंभीर झाले. वर्ग सुटल्यावर ते म्हणाले, "परीक्षेत चित्रं असतात. चित्रातला माणूस धावतोय, बाई हसतेय… तसं म्हणावंच लागतं. एकदाच म्हणा. नाहीतर तो मेव्हणा तुमच्या डोक्यावर बसेल."

"म्हणजे तुम्हीसुद्धा?"

"तुमच्या भल्यासाठी…"

"करतोय करतोय म्हणणाराही भलाच होता!" तिचा आवाज चिरकला. "मला वाटलं होतं, एक माणूस तरी…" वाक्य अर्धवट टाकून ती निघून गेली. त्यानंतरच्या दोन्ही वर्गांना तिची जागा रिकामी होती. घरी मात्र भांडी घासताना वहिनीला इंग्रजी ऐकू येत असे: आय ॲम वॉशिंग अ प्लेट. आय ॲम वॉशिंग अ प्लेट. एकच ताट ती पाच पाच वेळा घासत होती.

परीक्षेच्या दिवशी मॅनेजरांच्या खोलीत मुख्य कचेरीतून आलेल्या वयस्कर परीक्षकबाई बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि एक रंगीत चित्र पुढे सरकवले. त्यात नदीकाठी एक कुटुंब होते. "सांगा. व्हॉट आर दे डूइंग?"

मिस्त्रिणीने चित्राकडे पाहिले. तिला त्या खुर्चीची आठवण झाली, आणि घशाशी आलेले वाक्य तिने गिळले.

"बाई, हे काहीच करत नाहीयेत. कागदावर छापलेत," ती म्हणाली. "माझ्या बोलण्यावर कुणीतरी सुईखाली बोट घालणार आहे. जे चाललेलं नाही, ते चाललंय असं मी कसं सांगू? खरं काहीतरी दाखवा. तासभर बोलते. चुकले, तर नापास करा."

परीक्षकबाईंची पेन्सिल थांबली. त्यांच्या भुवया वर चढल्या. मग त्यांनी खुर्ची थोडी मागे सारली आणि खिडकीकडे बोट केले. "ठीक. तिथं काय चाललंय ते सांगा."

मिस्त्रीण खिडकीपाशी गेली. खाली फाटक होते. फाटकाशी…

"अ मॅन," ती म्हणाली, आणि अडखळली. "अ मॅन इज स्टँडिंग निअर द गेट."

"पुढे?"

"ही इज होल्डिंग टू कप्स. ही इज लुकिंग ॲट द डोअर. द वॉचमन इज लाफिंग ॲट हिम." तिचा स्वर हळूहळू मऊ होत गेला. "ही इज नॉट ड्रिंकिंग. द टी इज गेटिंग कोल्ड. ही इज… ही इज वेटिंग फॉर मी."

परीक्षकबाईही उठून खिडकीपाशी आल्या. "तुमचीच वाट बघतोय कशावरून?"

"मग दुसरा कप कुणाचा असेल?" मिस्त्रीण उसळून म्हणाली.

बाईंनी बराच वेळ खाली पाहिले. मग त्या टेबलाशी परतल्या, कागदावर "उत्तीर्ण" असे लिहिले आणि खाली सही केली. "जा आता," त्या म्हणाल्या. "खरंच निवतोय तो चहा."

जिना तिने दोन दोन पायऱ्या करून उतरला. परंतु फाटकाशी पोहोचेपर्यंत चेहरा पूर्वीसारखाच कडक केला.

"कधीपासून उभे आहात?"

"सकाळपासून. हा चौथ्यांदा आणलेला चहा आहे." मास्तरांनी मान खाली घातली. "मी चुकलो. तुम्हाला ते वाक्य बोलायला सांगायला नको होतं. खुर्ची गेली, तर माझ्यामुळे—"

"खुर्ची माझी झाली. मेव्हण्याला सांगा, ऊठ म्हणावं!" ती म्हणाली, आणि कप घेतला. चहा थंडगार होता. तिने तो घोटभर प्यायला, आणि तोंड वाकडे केले नाही.

"मग… एक वाक्य बोलू?" मास्तर म्हणाले. "तुमच्या अटीत बसणारं. अगदी आत्ता घडतंय ते."

"बोला. पण मी तपासून बघणार."

"माय हँड्स आर शेकिंग."

तिने पाहिले. त्यांच्या हातातील कप थरथरत होता आणि बशी नसल्यामुळे चहा सरळ मनगटावरून, तिनेच लावलेल्या बटणापर्यंत ओघळत होता.

"खरं आहे," मिस्त्रीण म्हणाली, आणि तो कप तिने आपल्या हाताने धरून स्थिर केला.