मधलं दार

"माझ्या ताईनं उडी मारलेली नाही," धाकटी म्हणाली. "ती नवऱ्याला सोडून माझ्याकडे राहायला येणार होती. मी तिची खोलीसुद्धा लावून ठेवलीय. काकू, तुम्ही तरी माझं ऐका."

काकू खाजगी तपासाची कामं करत. यजमानांना, म्हणजे निवृत्त मास्तरांना घेऊन त्या चार दिवस आरामाला या जहाजावर आल्या होत्या. आराम त्या दुपारी संपला.

जहाज नवंकोरं, अवाढव्य, आशियाई कुटुंबांसाठी बांधलेलं. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन येणाऱ्यांसाठी शेजारशेजारच्या खोल्यांना मधून दार ठेवलेलं. घोषणा चार भाषांत व्हायच्या. आता चारही भाषांत ताईचंच वर्णन ऐकू येत होतं. तिला शोधायला बोटी पाण्यात उतरल्या होत्या.

ताईच्या खोलीत तिचा नवरा पलंगाच्या काठावर बसला होता.

"सकाळी निघालो तेव्हा ती बाल्कनीत बसली होती, दार सताड उघडं टाकून," तो म्हणाला. "मी खाली गाण्याच्या स्पर्धेत होतो, सगळ्यांनी पाहिलंय. जेवून आलो तरी दार तसंच. बाहेर नुसत्या चपला."

"मधे कोणी आलं होतं?"

"मी आलो होतो, टॉवेल बदलायला," खोल्या आवरणारा म्हणाला. "आत कोणी नव्हतं, पडदा ओढलेला होता. बाहेर काम करून जीव उकडलेला, इथे कसं थंडगार. जरा रेंगाळलोच."

काकूंनी बाल्कनीचं दार सरकवलं. छतातली घरघर थांबली. पाहता पाहता मास्तरांचा चष्मा धुरकटला. दार लावल्यावर घरघर पुन्हा सुरू झाली.

"एकूण एक खोली पाहिली," सुरक्षा अधिकारी म्हणाला. "घोषणा होताच याच मजल्यापासून सुरुवात केली. शेजारी यांच्या आई आहेत, त्यांना बोट लागलीय. भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून पांघरूण घेऊन पडल्या होत्या. उठवलं नाही."

काकूंनी शेजारचं दार वाजवलं. बऱ्याच वेळानं फटीत सासूबाईंचा चेहरा दिसला.

"सकाळपासून पाणीही पोटात ठरत नाही. पडू द्या मला." दार लागलं.

मास्तर चष्मा पुसत हळूच म्हणाले, "अगं, यांना कसली बोट लागलीय? घोषणा झाली तेव्हा वरच्या जेवणघरात माझ्याच टेबलाशी होत्या. दुसऱ्यांदा आइस्क्रीम आणलं त्यांनी."

काकू जागच्या जागी थांबल्या. बोळाच्या टोकाच्या खिडकीत ऊन पिवळं पडलं होतं. त्यांनी अधिकाऱ्याचं मनगट धरलं.

"ही खोली उघडा. आत्ता."

"पण आजारी बाई आहेत आत..."

"दिवस बुडायच्या आत उघडा."

आत सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. पलंगावर पांघरुणाखाली कोणीतरी होतं. धाकटीनं पांघरूण ओढलं. ताईच होती. ओठ पांढरेफटक, पण श्वास चालू होता.

कप्तानाच्या खोलीत मायलेकांना समोर बसवल्यावर काकू बोलू लागल्या.

"बाल्कनीचं दार उघडं राहिलं की इथली थंड हवा आपोआप बंद होते आणि खोलीची भट्टी होते. टॉवेल बदलणाऱ्याला खोली थंडगार लागली, म्हणजे दार बंद होतं. तरीही ताई खोलीत नव्हती. ती दार लावून बाहेर बसली असती आणि तिथूनच गेली असती, तर यांना परत आल्यावर दार उघडं कसं मिळालं असतं? म्हणजे ती बाल्कनीच्या दारानं गेली नाही, आणि हे खोटं बोलत होते. चपला यांनी परत आल्यावर ठेवल्या."

"मग ती गेली कुठून?" मास्तरांनी विचारलं.

"मधल्या दारानं. सकाळी चहातून झोपेचं औषध दिलं आणि पलीकडे नेऊन निजवलं. शोधणाऱ्यांना तिथे एकच माणूस दिसायला हवं होतं, म्हणून आई वर जाऊन बसल्या. त्या तुमच्यासमोर आइस्क्रीम खात होत्या, तर पलंगावर कोण होतं?"

"पण एवढा खटाटोप कशासाठी?"

"तिनं दिवसाढवळ्या उडी मारली असं एकदा सगळ्यांनी धरलं, की हे सुटले. ते तर तेव्हा चारचौघांत गात होते. शोध थांबला की रात्री तिला खरोखर समुद्रात टाकायचं. मेलेल्या माणसाला पुन्हा कोण शोधतं?"

नवरा शांतपणे म्हणाला, "बायकोनं टाकलेला म्हणून जगायचं? त्यापेक्षा लोक माझ्यासाठी हळहळले असते."

जहाजाच्या दवाखान्यात ताईनं डोळे उघडले तेव्हा धाकटी तिचा हात धरून बसली होती.

"मला हलता येत नव्हतं," ताई पुटपुटली. "पण अधूनमधून ऐकू यायचं. तू बाहेर रडत होतीस. आणि सासूबाई त्याला सांगत होत्या, अंधार पडेपर्यंत थांब."

तिनं अंगावरची चादर बाजूला सारली.

"मग त्यांनी माझं पांघरूण नीट केलं."